विवाह आणि आयकर : पती-पत्नीच्या उत्पन्नाचा हिशोब

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील अनेक वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. बालाघाटच्या डोंगररांगांतील कुटुंबे संसार गाडीत भरून पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ऊसतोडीच्या व्यवहारात पती-पत्नीच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशोब होतो तो कोयत्याचा आणि पैसा हाती पडतो तो बहुधा पतीच्या. जोडीदाराविना कामाला गेलेला माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो. येथे विवाह हाच मजुरीचा एकक आहे.

आयकराचा कायदा मात्र नेमका याच्या उलट विचार करतो. त्याच्या लेखी जोडी नसते; पती हा एक करदाता आणि पत्नी ही दुसरी करदाती असते. विवाह झाला म्हणून कुणाचा कर वाढत नाही की कमीही होत नाही. परंतु पतीने आपली मालमत्ता विनामोबदला पत्नीच्या नावे केली तर मात्र कायदा त्या नावामागे कोणाचा पैसा आहे हे पाहतो. या दोन गोष्टी नीट न समजल्यामुळे एकीकडे पगारदार कुटुंबांना अनपेक्षित कराची मागणी येते आणि दुसरीकडे कष्टकरी स्त्रीचे स्वतःचे उत्पन्न कागदावर कोठेच दिसत नाही. शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामपंचायत सदस्य यांना हा विषय ठाऊक असल्यास त्यांचा स्वतःचा हिशोब चोख राहीलच, शिवाय गावातील लोकांनाही योग्य सल्ला मिळू शकेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

कर व्यक्तीवर, जोडप्यावर नव्हे

आपल्या देशात पती-पत्नींनी मिळून एकच विवरणपत्र भरण्याची सोय नाही. प्रत्येकाचा पॅन क्रमांक वेगळा, करमुक्त मर्यादा वेगळी आणि विवरणपत्रही वेगळे असते. विवाहानंतर स्त्रीने आडनाव बदलले तरी तिचा पॅन क्रमांक बदलत नाही. आडनाव बदलणे कायद्याने बंधनकारकही नाही. मात्र ते बदलल्यास पॅन, आधार व बँक खाते या तिन्ही ठिकाणची नोंद सारखी असणे आवश्यक ठरते.

या पद्धतीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही. त्यापुढील प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० व २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के असे दर आहेत. पगारदारांना ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास सूट मिळून कर शून्य होतो.

समजा, अंबाजोगाईतील एका घरात पती-पत्नी दोघेही शिक्षक असून प्रत्येकाचा वार्षिक पगार ९ लाख रुपये आहे. वजावटीनंतर प्रत्येकाचे उत्पन्न ८ लाख २५ हजार उरते आणि दोघांचाही कर शून्य येतो. शेजारच्या घरात पती एकटा मिळवता असून त्याचा पगार १८ लाख रुपये आहे. त्याचे करपात्र उत्पन्न १७ लाख २५ हजार आणि त्यावरील कर, ४ टक्के उपकरासह, १ लाख ५० हजार ८०० रुपये होतो. दोन्ही घरांत येणारा पैसा सारखाच, पण कराचा भार निराळा. व्यक्ती हाच एकक मानल्याचा हा सरळ परिणाम आहे. दोघे मिळवते असलेल्या घराला त्याचा लाभ होतो. एकाच्याच मिळकतीवर चालणाऱ्या घराला होत नाही.

राज्याच्या व्यवसाय करातही हेच तत्त्व आहे. पती-पत्नी दोघे नोकरीत असल्यास दोघांच्या पगारातून हा कर स्वतंत्रपणे कापला जातो. १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना या करातून मुक्त केले असून त्यांच्या पतीच्या पगाराशी या सवलतीचा संबंध नाही.

थोडा पूर्वेतिहास

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९२२ चा भारतीय आयकर कायदा येथे लागू झाला तो १ एप्रिल १९५० पासून. तोपर्यंत उर्वरित देशात पती-पत्नीच्या उत्पन्नाविषयीचा वाद पुष्कळ पुढे गेला होता. व्यापारी आपल्या पत्नीस नावापुरती भागीदार करून नफा दोन ठिकाणी विभागून दाखवीत. म्हणून १९३७ साली कायद्यात दुरुस्ती करून असे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात धरण्याची तरतूद झाली. ही तरतूद भेदभाव करणारी आहे, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली असता १९६१ च्या बालाजी प्रकरणात न्यायालयाने ती वैध ठरविली. करचुकवेगिरीस आळा घालणे हा वाजवी हेतू होय, असे न्यायालयाचे मत पडले.

विवाहामुळे कराचा आकडा प्रत्यक्ष बदलत असे, असाही एक काळ होऊन गेला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात विवाहितांसाठी करमुक्त टप्पा १,५०० रुपयांवरून २,००० रुपये करण्यात आला आणि अविवाहितांसाठी तो १,००० रुपयांवर आणण्यात आला. संसार चालविणाऱ्यास थोडा दिलासा द्यावा, ही त्यामागची दृष्टी होती. कालांतराने हा भेद मागे पडला. आज विवाहित व अविवाहित यांना एकच दर लागू आहे.

१९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ ने घ्यावी असे संसदेने ठरविले. कलमांचे क्रमांक त्यामुळे बदलले, तरी पती-पत्नींविषयीची मूळ तत्त्वे तीच राहिली आहेत. जुन्या कायद्यात ती मुख्यतः कलम ६४ मध्ये होती.

नाव पत्नीचे, पैसा पतीचा

पती किंवा पत्नी यांपैकी एकाने दुसऱ्यास योग्य मोबदल्याविना मालमत्ता दिली, तर ती भेट म्हणून करपात्र होत नाही. परंतु त्या मालमत्तेपासून होणारे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळविले जाते. हा नियम दोन्ही बाजूंनी सारखाच लागू आहे. पत्नीने पतीस दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पत्नीच्या हिशोबात येते.

आपल्याकडे याबाबतची सर्वांत सामान्य चूक मुदत ठेवीची होते. समजा, केज तालुक्यातील एका मुख्याध्यापकांचा वार्षिक पगार १२ लाख ६० हजार रुपये आहे. प्रमाणित वजावट जाता त्यांचे उत्पन्न ११ लाख ८५ हजार उरते आणि कर शून्य येतो. त्यांनी आपल्या बचतीतील १० लाख रुपये पत्नीच्या नावे ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवले. वर्षाचे व्याज ७० हजार रुपये झाले. पत्नीस अन्य उत्पन्न नसल्याने व्याजावर कर नाही, असा त्यांचा समज आहे. प्रत्यक्षात हे व्याज त्यांच्याच उत्पन्नात मिळते आणि एकूण आकडा १२ लाख ५५ हजार होतो. १२ लाखांची मर्यादा ओलांडल्याने सूट जाते. दरांप्रमाणे कर ६८ हजार २५० रुपये येतो. सीमांत सवलतीमुळे तो मर्यादेवरील रकमेइतका, म्हणजे ५५ हजारांवर थांबतो आणि उपकर धरून ५७ हजार २०० रुपये भरावे लागतात. ७० हजारांच्या व्याजातून हाती उरतात ते केवळ १२ हजार ८०० रुपये. व्याज दाखविले नाही आणि पुढे ते उघडकीस आले, तर त्यावर व्याज व दंडही पडू शकतो. ठेवींची माहिती बँकांकडून आयकर खात्याकडे जात असल्याने अशी बाब फार काळ झाकून राहत नाही.

रोख रक्कम दिली, ठेव किंवा समभाग पत्नीने स्वतः घेतले, म्हणून ही तरतूद टळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या मोहिनी थापर प्रकरणात, पतीने दिलेल्या रोख रकमेतून घेतलेल्या समभागांचे उत्पन्न पतीच्या हिशोबात धरणे योग्य ठरविले. मूळ पैसा कोणाचा, हाच प्रश्न शेवटी निर्णायक ठरतो.

दुसरी तरतूद पगाराविषयी आहे. पतीचे कृषी सेवा केंद्र, दवाखाना किंवा अन्य व्यवसाय असून त्यात त्याचा भरीव हितसंबंध आहे आणि पत्नीस तेथून पगार दिला जातो, तर तो पगार पतीच्या उत्पन्नात मिळविला जातो. मात्र पत्नीस त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञानाचा व अनुभवाचाच मोबदला असेल, तर तो तिचाच राहतो. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेली पत्नी पतीच्या औषध दुकानाचे काम पाहत असेल, तर तिचा वाजवी पगार तिचा होय. केवळ वहीत नाव लिहून पगार दाखविला, तर तो टिकत नाही.

अल्पवयीन मुलांच्या नावे ठेवी ठेवण्याची पद्धतही रूढ आहे. त्यांचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात धरले जाते. मुलाने स्वतःच्या श्रमाने किंवा कलागुणांनी मिळविलेले उत्पन्न मात्र यातून वगळले आहे.

जे पत्नीचेच असते

या तरतुदींचा धाक घेऊन पत्नीच्या नावे काहीच करू नये, असा अर्थ कोणी काढू नये. पत्नीचे स्वतःचे उत्पन्न कायदा कधीही पतीकडे वळवीत नाही. तिचा पगार, शिवणकाम, दुग्धव्यवसाय, बचत गटाच्या उद्योगातील तिचा वाटा, माहेरकडून मिळालेल्या मालमत्तेचे उत्पन्न आणि स्वतःच्या कमाईतून केलेल्या ठेवींचे व्याज हे सर्व तिचेच असते. पतीने दिलेल्या रकमेवरील व्याज पतीचे ठरले, तरी ते व्याज पुन्हा गुंतविल्यावर त्यावर मिळणारे पुढील व्याज पत्नीचे धरले जाते. यासाठी दोन्ही रकमांचा हिशोब निराळा ठेवावा.

पतीने पत्नीस खरे कर्ज दिले, त्यावर वाजवी व्याज ठरविले आणि ते प्रत्यक्ष घेतले, तर तो विनामोबदला व्यवहार होत नाही. याची लेखी नोंद व बँकेमार्फत देवघेव असणे हितावह ठरते.

विवाहापूर्वी दिलेल्या मालमत्तेसही हा नियम लागत नाही. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात वराने आपल्या नियोजित वधूस विवाहाआधी समभाग दिले होते. हस्तांतराच्या वेळी पती-पत्नीचे नाते नव्हते, म्हणून त्यांचे उत्पन्न पतीकडे मिळविता येत नाही, असा निर्णय झाला. नाते हस्तांतराच्या वेळी आणि उत्पन्न होण्याच्या वेळी, अशा दोन्ही वेळी असावे लागते. त्यामुळे घटस्फोट किंवा मृत्यू यांनंतर ही जोड उरत नाही.

विवाहात वधू-वरांना मिळालेला आहेर, तो कोणाकडूनही आलेला असो, करमुक्त आहे. ही सवलत ज्यांचा विवाह होतो त्यांनाच आहे. त्यांच्या आई-वडिलांना परक्यांकडून मिळालेल्या रकमांना नाही. म्हणून आहेराची वही जपून ठेवण्याची आपली जुनी रीत कराच्या दृष्टीनेही उपयोगी आहे. स्त्रीधन हे स्त्रीच्या संपूर्ण मालकीचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभाराणी प्रकरणात स्पष्ट केले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९४ च्या सूचनेप्रमाणे झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे सोन्याचे दागिने जप्त करावयाचे नसतात.

शेतजमीन व घर

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. मात्र यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७३ साली एक महत्त्वाची तरतूद झाली. एखाद्या व्यक्तीचे शेतीखेरीज अन्य उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ हजार रुपयांहून अधिक असेल, तर कराचा दर ठरविण्यापुरते शेतीचे उत्पन्नही हिशोबात धरले जाते. शेतीवर कर बसत नाही, पण पगारावरील किंवा व्यापारावरील कराचा दर त्यामुळे चढतो.

पत्नीची स्वतःची जमीन असल्यास तिचे उत्पन्न पतीच्या दरावर परिणाम करीत नाही. पतीने विनामोबदला दिलेल्या जमिनीचे उत्पन्न मात्र दर ठरविताना पतीच्या बाजूस धरले जाऊ शकते. राज्य शासनाने १९९२ साली सुरू केलेल्या लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पतीच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. ज्या कुटुंबाचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे, त्यास या नोंदीमुळे आयकराचा कोणताही बोजा पडत नाही. म्हणून कराच्या भीतीने ही नोंद टाळण्याचे कारण नाही. पतीच्या पश्चात वारसा हक्कासाठी तलाठी कार्यालयाचे हेलपाटे घालणाऱ्या स्त्रियांना या एका नोंदीचे मोल चांगले ठाऊक असते.

घराबाबत, दोघांनी आपापल्या पैशातून घर घेतले असून हिस्से निश्चित असतील, तर भाड्याचे उत्पन्न हिश्श्याप्रमाणे दोघांकडे वेगवेगळे धरले जाते. पतीने आपले घर विनामोबदला पत्नीच्या नावे केले, तर करापुरता मालक पतीच मानला जातो. येथेही लक्षात ठेवावे की, कराचा प्रश्न वेगळा आणि हक्काचा प्रश्न वेगळा. उत्पन्नावरील कर पतीने भरला तरी नावावर झालेल्या घराची मालक पत्नीच असते.

योजनांसाठी मात्र कुटुंब

ग्रामपंचायत सदस्यांनी एक भेद आवर्जून ध्यानात घ्यावा. कर व्यक्तीवर असला, तरी शासकीय योजनांची पात्रता अनेकदा कुटुंबावर ठरते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत पती, पत्नी व अल्पवयीन मुले मिळून शेतकरी कुटुंब होते. त्यातील कोणीही मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरला असेल, तर कुटुंब अपात्र ठरते. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतही कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असण्याची आणि कुटुंबात कोणी आयकरदाता नसण्याची अट घालण्यात आली. म्हणजे पत्नीने भरलेल्या करामुळे पतीचा लाभ बंद होऊ शकतो आणि पतीच्या करामुळे पत्नीचा. केवळ विवरणपत्र भरणे आणि प्रत्यक्ष कर भरणे यांतही फरक आहे. अर्ज भरून देताना हे सर्व नीट विचारून घेतले, तर पुढे वसुलीचा प्रसंग टळतो.

अन्यत्रची पद्धत

आपल्या शेजारच्या गोव्यात स्थिती निराळी आहे. तेथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे विवाहाबरोबर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. म्हणून आयकर कायद्यातही तेथील दांपत्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. पगार ज्याचा त्याच्याकडे राहतो. घरभाडे, व्यापार, व्याज इत्यादी उत्पन्न मात्र दोघांत निम्मेनिम्मे वाटून प्रत्येकाच्या हिशोबात धरले जाते.

अमेरिकेत १९४८ पासून जोडप्यास संयुक्त विवरणपत्राचा लाभ मिळतो. इंग्लंडमध्ये उलट प्रवास झाला. तेथे पत्नीचे उत्पन्न पतीचेच समजले जाई; १९९० पासून तिला स्वतंत्र करदाती मानण्यात आले. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी संयुक्त विवरणपत्राचा पर्याय आपल्याकडेही द्यावा असे सुचविले. एकाच्या मिळकतीवर चालणाऱ्या घरांना त्यापासून दिलासा मिळेल, यात शंका नाही. परंतु दोघांचे उत्पन्न एकत्र केले की, नव्याने नोकरीस लागणाऱ्या पत्नीच्या पहिल्या रुपयावरही पतीच्या वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो. तिने नोकरी करून काय उपयोग, असा प्रश्न घरात निघू नये, याचाही विचार अशा सुधारणेत करावा लागेल.

गावपातळीवर काय करता येईल

पुन्हा कोयत्याकडे वळू. ऊसतोड करणाऱ्या जोडप्याचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या फार खाली असते. आयकराचा त्यांना उपद्रव नाही. परंतु कायद्यामागील तत्त्व त्यांच्याही उपयोगाचे आहे. ज्याचे श्रम, त्याचे उत्पन्न. पहाटे थंडीत मोळ्या बांधणाऱ्या, डोक्यावर वाहून गाडी भरणाऱ्या स्त्रीची मजुरी तिची स्वतःची असते. ती पतीच्या उचलीत विरून गेली की, पुढे तो वारला किंवा त्याने तिला टाकले, तर आपण इतकी वर्षे कमावीत होतो याचा एकही कागद तिच्यापाशी उरत नाही. बँक तिला कर्ज देताना उत्पन्नाचा पुरावा मागते आणि तो तिच्याजवळ नसतो.

याकरिता ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्यांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. प्रत्येक कष्टकरी स्त्रीचे केवळ तिच्या नावाचे बँक खाते असावे आणि शक्य तेथे मजुरीचा तिचा वाटा त्यात जमा व्हावा. मुकादमाशी होणाऱ्या हिशोबात दोघांची नावे लिहिली जावीत. घराच्या नमुना ८ मध्ये व जमिनीच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी ग्रामसभेत माहिती द्यावी. पगारदारांनी पत्नीच्या नावे ठेवलेल्या ठेवींचे व्याज आपल्या विवरणपत्रात प्रामाणिकपणे दाखवावे आणि पत्नीच्या स्वतःच्या कमाईचा हिशोब वेगळा ठेवावा.

पत्नीच्या नावाचा उपयोग कर वाचविण्याची आडवाट म्हणून करू नये, हे कायद्याचे सांगणे आहे. तिच्या कष्टाचे जे आहे, ते तिच्याच नावे लिहावे, हेही त्याच कायद्याचे सांगणे आहे. पहिली गोष्ट आयकर खाते आपल्याकडून करवून घेईल. दुसरी मात्र गावाने आपणहून करावयाची आहे.